नकाशात नसलेली पाणंद

कॉलेजच्या लॅबमध्ये तालुक्याचा नकाशा सर्व्हरवर चढवला, तर शेतांमधून आमच्या वस्तीवर जाणारी पाणंदच त्यात नव्हती. हाच नकाशा दाखवून आबा ग्रामसभेत तिच्यासाठी मुरूम मागणार होते. मूळ माहिती तपासली, तर पाणंद तिथे होती. सर्व्हरचीही काही तक्रार नव्हती. मला त्याच्या गप्प बसण्याचाच जास्त संशय आला.

तेवढ्यात आबांचा फोन आला. "आलं का रं आपलं घर?"

"घर आलंय आबा, रस्ता नाही."

"मग आपण काय उडून येतो व्हय?"

शेवटी नकाशाचे रंग आणि रेघा ठरवणारी स्टाइलशीट वाचली. ती मी एका सीनियरकडून तयारच घेतली होती. तिच्यात डांबरी रस्त्याला नियम होता, सिमेंटच्या रस्त्याला होता, पाणंदीला नव्हता. ज्याला नियम नाही ते सर्व्हर काढत नाही, आणि तसं सांगतही नाही. मी नियम लिहिला. तपकिरी रेघ आमच्या दारापर्यंत गेली.

आबांना फोटो पाठवला, तरी मी नकाशाकडेच बघत बसलो. डोंगरापलीकडे एक मोठी जागा कोरी आहे. तिथे कोणी राहत नसेल, असं मी काल सहज म्हटलं असतं. आज म्हणवत नाही.