आई, दिवसातून तीनदा

आमच्या डॉक्टरांइतका चौकस माणूस अख्ख्या सोलापुरात झाला नाही आणि व्हायचाही नाही. भवानी पेठेत त्यांचा लहान मुलांचा दवाखाना होता, आणि सत्तर सालानंतरची काही वर्षं मी तिथं नर्स होते. मूल तापानं फणफणत आलं तरी एका हातानं नाडी धरून डॉक्टर आईला विचारणार, चूल कुठं मांडता, नळ किती लांब, एका खोलीत झोपता किती जण, सासूबाई नीट बोलतात का. सासूबाई शेजारीच बसलेल्या असल्या तरी विचारणार! बाहेर बाकावरची गर्दी चुळबुळत असायची आणि मी आतल्या आत चरफडत. मुलाला गार लागू नये म्हणून स्टेथोस्कोप काखेत धरून ऊब द्यायचे, आणि मग तोच स्टेथोस्कोप दवाखानाभर शोधायचे.

चिठ्ठीचीही तीच तऱ्हा. एका विणकराच्या मुलाचा खोकला हटेना, तेव्हा पहिल्या ओळीत लिहिलं, 'चूल दाराबाहेर'. बाप बिचारा ती चिठ्ठी घेऊन नव्या पेठेतल्या औषधाच्या दुकानात गेला. दुकानदारानं कपाटं धुंडाळली आणि मागच्या बाजूला लिहून पाठवलं, 'स्टॉकमध्ये नाही'. डॉक्टर दिवसभर हसत होते. संध्याकाळी स्वतः त्या खोलीवर गेले आणि चूल हलवायला हात लावून आले.

माझी फजिती मात्र ते येईल त्याला सांगायचे. मी वळसंगची; मराठी येते, कानडी येते, तेलुगूच्या नावानं शून्य. मी नवीन असताना विड्यांच्या कारखान्यात जाणारी नरसम्मा चार महिन्यांची पोर घेऊन आली. पोर वाळून काटकी झालेली. आई सारखी म्हणे, "पालु लेवु, पालु लेवु." मी ऐकलं पाल! दुपट्यात पाल शिरली असं समजून मी दुपटं झटकलं, बाक सरकवला, झाडू आणला. बाकीच्या बायका पोरं उचलून रस्त्यावर पळाल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सिस्टर, पालु म्हणजे दूध. लेवु म्हणजे नाही." कानडीत दुधाला हालु म्हणतात, मला कळायला हवं होतं की! त्या दिवसापासून रोज तेलुगू घोकायची शिक्षा मिळाली. एक वस्तू नसली तर लेदु, पुष्कळ नसल्या तर लेवु, मोठं माणूस नसलं तर लेरु, असं मी सुया उकळता उकळता पुटपुटायची.

दूध का नाही, हे डॉक्टरांनी खोदून खोदून काढलं. बाई सकाळी कारखान्यात जायची ती दिवेलागणीला परतायची. पोर दिवसभर आजीजवळ, साखरपाण्यावर. पाजणं तुटल्यानं दूध आटत चाललेलं. असंच चाललं तर पोर हाती लागायची नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मग टॉनिक न लिहिता कारखान्यातल्या मुकादमाच्या नावानं चिठ्ठी लिहून मला तिकडं पाठवलं: 'औषध: आई. दिवसातून तीनदा.'

मुकादमानं ती उलटसुलट करून पाहिली आणि मला म्हणाला, "बाई, हितं इड्या वळत्यात. असलं औषध न्हाय आमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः जाऊन त्याच्यासमोर बसले आणि चूल कुठं मांडता इथपासून सुरुवात केली. सासूबाईंपर्यंत पोचायच्या आत मुकादम कबूल झाला. गोदामाच्या कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा लागला, आजी रोज तीनदा पोर घेऊन जाऊ लागली, आणि हळूहळू दूध परतलं. दर सोमवारी वजन व्हायचं. काटा पहिल्यांदा पुढं सरकला तेव्हा डॉक्टरांनी बाकावरच्या सगळ्यांना आत बोलावून तो दाखवला. मला तर रडूच आलं.

पुढं काही वर्षांनी डॉक्टर गेले. मी दवाखाना आवरत होते, तेव्हा दारात नरसम्मा उभी. बरोबर दोन वेण्या घातलेली, गुबगुबीत गालांची पोर. तिला काही झालं नव्हतं. ती शाळेत जाऊ लागली, हे डॉक्टरांना दाखवायला आणलं होतं. नरसम्मानं आत डोकावून विचारलं, "डॉक्टरगारु लेरा?"

या वेळी मला एकही शब्द अडला नाही. "लेरु," मी म्हणाले. उच्चार बरोबर आला की नाही, हे सांगायला आत कुणी नव्हतं.