आजीव अंकाचं निव्वळ वजन

पृथ्वीचं वजन किती, हे शास्त्रज्ञांनी खुशाल सांगितलेलं असो, आमचे व्याही ते मान्य करणार नाहीत. रिकाम्या पृथ्वीचं वजन आधी कुणी केलं होतं, असं ते विचारतील, आणि त्याची पावती दाखवा म्हणतील. त्यांचा दोष नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसलेला माणूस. उसाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची, ऊस उतरला की रिकामी तोलायची, आणि दोन्हींतला फरक तेवढा माल. बाकी जगात काहीही चालो, आमच्या व्याह्यांच्या लेखी माल म्हणजे हा फरक. निवृत्त झाले, पण काटा काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. आता तळहाताएवढा डिजिटल काटा पिशवीत घालून हिंडतात.

माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली, तेव्हाच मला याची चुणूक मिळाली होती. बारामतीत साखरपुडा होता. मी हौसेनं पेढ्यांचे खोके आणवले. व्याह्यांनी एक खोका उचलला, पेढे ताटात ओतले आणि रिकामा खोका काट्यावर ठेवला. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "खोका खायचा आसतो का?" मग मला, म्हणजे मुलीच्या बापाला, हाताला धरून मिठाईवाल्याकडं नेलं आणि खोक्यांच्या वजनाचे पेढे वसूल करून आणले. परत येईपर्यंत मुहूर्त टळून गेला होता. भटजी चिडले, तर व्याह्यांनी त्यांनाही चार पेढे जास्तीचे दिले. निमगाव केतकीच्या बाजारात त्यांना येताना पाहून दुकानदार वजनं फडक्यानं पुसायला लागतात. गॅसवाला तर टाकी खांद्यावरून उतरवायच्या आधीच काटा काढून दाखवतो. आणि याचा त्यांना केवढा अभिमान! "तीस वर्सांत कुणाचा काटा मारला न्हाय, आन् मारू दिला न्हाय," हे वाक्य ते दर भेटीत एकदा म्हणणारच. विषय कुठलाही असो, माझ्या मोतीबिंदूचासुद्धा चालतो.

त्यांच्या घरी पुण्याहून एक मासिक यायचं. गोष्टी, पाककृती, पिकांची माहिती, शेवटच्या पानावर शब्दकोडं. आजीव सभासदत्व होतं, मुलाच्या बारशाच्याही आधीपासूनचं. अंक आला की व्याही आधी तो काट्यावर ठेवत आणि वजन मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहीत. मध्यंतरी अंक दहा-बारा ग्रॅमनं उतरला, तर त्यांनी संपादकांना पत्र घातलं की तब्येत बरी आहे ना. संपादकांचं उत्तर आलं नाही, पण पुढच्या दिवाळीला अंक जरा बाळसं धरून आला.

आणि मागच्या वर्षी त्या मासिकाकडून पत्र आलं. कागद परवडत नाही, सबब यापुढे आजीव सभासदांना अंक मोबाइलवर डिजिटल स्वरूपात सप्रेम भेट मिळेल. व्याही सकाळच्या पहिल्या एस.टी.नं बारामतीला माझ्या दारात हजर. चहाला नको म्हणाले, यावरून मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"भेट?" ते म्हणाले. "माझंच मला भेट? उद्या कारखाना म्हणंल, तुमच्या उसाचा फोटू काढून ठिवलाय, साखर बगून घ्या."

मी निवृत्त मुख्याध्यापक. अर्ज लिहायला बसलो की माझ्या अंगात येतं. ठरलेली सेवा ग्राहकाला न विचारता बदलता येत नाही, ही सेवेतली त्रुटी आहे, छापील अंक न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागू, असं झणझणीत पत्र मी लिहून दिलं. "खाली सभासदाचं नाव घालू ना?" मी विचारलं. त्यांनी कागद माझ्या हाताखालून काढून घेतला. "ते मी घालतो," म्हणाले. मला वाटलं, अक्षराचा अभिमान असेल.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. मासिकाच्या कचेरीतल्या एक बाई माहेरी आल्या होत्या आणि जाताना निमगावला थांबणार होत्या. साक्षीदार म्हणून मी जावं, अशी आज्ञा झाली. गेलो. बाई चाळिशीच्या, बोलायला गोड. त्यांनी व्याह्यांचाच मोबाइल हातात घेतला. "काका, आता अंक कायम तुमच्या खिशात. दाखवू उतरवून?"

"थांबा," व्याही म्हणाले. त्यांनी मोबाइल काट्यावर ठेवला, आकडा वहीत लिहिला. "हे रिकामं वजन. आता घाला अंक."

बाईंनी अंक उतरवून दिला. व्याह्यांनी मोबाइल पुन्हा काट्यावर ठेवला, चष्मा वर केला, खाली केला, मलाही आकडा बघायला लावला. मग शांतपणे पावती लिहिली. भरलेलं वजन अमुक, रिकामं वजन अमुक, निव्वळ वजन शून्य. "माल आला न्हाय," ते म्हणाले. "सही करा."

बाईंना हसू आवरेना. "काका, तुमचा काटा पण डिजिटलच आहे की."

"काटा डिजिटल हाय. तोलल्यालं पेढं न्हाईत."

बाई हरल्या, आणि चांगल्या मनानं हरल्या. म्हणाल्या, ज्यांना छापीलच अंक हवा अशा आजीव सभासदांची आम्ही वेगळी यादी करतोय. थोड्या प्रती छापू. सभासदत्व हयातीपुरतं असतं, दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तेव्हा सभासदानं स्वतः या कागदावर सही करायची, एवढंच. मग त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "हं, सापडलं. पण हे तर कलावतीबाईंच्या नावावर आहे. काकूंना बोलवता का जरा?"

कलावतीबाई म्हणजे आमच्या विहीणबाई. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

म्हणजे ते आजीव सभासदत्व विहीणबाईंचं होतं. शब्दकोडं सोडवायच्या त्या. व्याह्यांना उभे-आडवे शब्द कधी जमलेच नाहीत. मला एकदम त्या कागदाची आठवण झाली, माझ्या हाताखालून ओढून घेतलेल्या. मी व्याह्यांकडं पाहिलं. ज्या माणसानं रिकामा खोकासुद्धा सोडला नाही, तो काट्यावरची नसलेली धूळ पुसत होता.

"ती... बाहेर गेलीया," ते म्हणाले.

आता मी चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेलं. पण तोंड कधी उघडलं ते मला कळलंच नाही. "हो, हो. बावड्याला. बहिणीकडं गेल्यात," मी म्हणालो.

"बावड्याला?" बाई म्हणाल्या. "माझं माहेर बावड्याचंच. कुणाकडं?"

झालं! गाव मोठं असलं तरी इतकंही मोठं नाही. मी घोटभर पाणी प्यालो. आणि तेव्हा माझं लक्ष समोरच्या भिंतीकडं गेलं. तिथं विहीणबाईंचा फोटो होता, चांगला हातभर मोठा, चंदनाचा हार घातलेला. आम्ही दोघे शहाणे त्याच्यासमोर बसून थापा मारत होतो. बाईंनीही तिकडं पाहिलं. फोटोखालच्या फळीवर अंकांची चळत होती, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा आकडा. वरचा अंक शेवटच्या पानावर उघडून ठेवलेला होता, कोडं कोरं. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि इतका वेळ पुण्याची भाषा बोलत होत्या त्या अस्सल बावड्याच्या बोलीत म्हणाल्या, "आसत्याल कुणाकडं तरी. मोठं गाव हाय. सही काय, काकू आल्यावं सवडीनं करत्याल."

त्यांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत व्याही दारात उभे होते. आत आले आणि खुर्चीत बसले. "पाव्हणं," म्हणाले, "तीस वर्सं. आन् आज काटा मारला मी."

खरं सांगायचं तर मला त्या माणसाविषयी इतकी माया कधी वाटली नव्हती. मी एवढंच म्हणालो, "आबा, मी पण धरला होता की एका बाजूनं." ते हसले नाहीत, पण चहा टाकायला उठले.

एका अंकासाठी एवढं का, हे मात्र मला कळलं नव्हतं. वाचायला तर तो मोबाइलवर होताच. ते कळलं पुढच्या महिन्यात, मी सहज निमगावला गेलो होतो तेव्हा. दुपारची वेळ. आम्ही दोघं आत बसलेलो. पोस्टमन सणसरचा, गेल्याच वर्षी बदलून आलेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? तो लेबलावरचं नाव वाचतो आणि हाक मारतो. गल्लीतही त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

"कलावतीबाई, अंक आलाय."

मी उठायला लागलो. व्याह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा," ते हळूच म्हणाले. "दोनदा हाक मारतोय त्यो."

आम्ही बसून राहिलो. बाहेर सायकलची घंटी वाजली आणि दारातून पुन्हा तेच नाव आलं, या वेळी जरा मोठ्यानं. मग व्याही उठले. "आलो," म्हणाले आणि अंक घेऊन आले. लेबलावरून एकदा अंगठा फिरवला आणि शेवटचं पान उघडून अंक फोटोखालच्या चळतीवर ठेवला. त्या दिवशी तो काट्यावर ठेवायचा राहिला. मीही आठवण करून दिली नाही.