पूजेला बसवलेला सर्व्हर

तरन्नुम भित्री. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तो तिच्यामागे २००३ च्या खंडेनवमीला लागला, आणि तिच्याबरोबर माझ्याही.

वरव्याजवळच्या आमच्या कारखान्यात रंगाचं रेझिन मोठ्या टाकीत शिजायचं. मी पॅकिंगला, तरन्नुम टाकीजवळच्या कॉम्प्युटरवर, तिचे अब्बा अय्युबभाई टाकीपाशी. तिचा प्रोग्राम टाकीचे हीटर सांभाळायचा आणि तापमानाचा प्रत्येक आकडा ऑफिसातल्या सर्व्हरवर लिहायचा. प्रोग्राम बंद पडला की हीटर आपोआप सुटून बंद व्हायचे.

त्या दुपारी पडद्यावरचा आकडा गोठला. टाकीवरचा काटा मात्र चढतच राहिला. तरन्नुमनं प्रोग्रामला थांबायचा सिग्नल दिला. ढिम्म. मग ठार मारायचा दिला. तरी जिवंत!

"मरत का न्हाई गं त्यो?"

"सर्व्हरची वाट बघतोय, रत्नाताई. उत्तर आल्याबिगर कुनाचं आयकनार न्हाई. वाट बघतानाबी सिग्नल आयकावा, अशी सोय करता येती. पन आकडे हरवतील म्हनून सायबांनी करू दिली न्हाई."

मेन स्विच पाडावा, तर आतली ढवळणीही थांबणार, आणि न ढवळलेलं तापलं रेझिन टाकी फोडतं. अय्युबभाई टाकीला चिकटून पाइपानं पाणी मारत होते.

"अब्बा, भाईर या!" ती किंचाळली. ते वळलेसुद्धा नाहीत.

मग तिच्या ध्यानात आलं. खंडेनवमीला पूजलेलं यंत्र चालवायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. शिजती टाकी तेवढी सोडली होती. पण शिपाई बंडूनं सर्व्हरला कुंकू लावलं, हार घातला, तो बंद केला आणि ऑफिसला कुलूप ठोकून कामथडीला घरी गेला. भाविक माणूस, त्याला काय बोलणार? तरी मी पोटभर शिव्या घातल्या.

आम्ही धावलो. तरन्नुमनं दगडानं खिडकी फोडली आणि काचांतूनच आत शिरली. तिनं सर्व्हर चालू केला. तो उठायला इतका वेळ लावत होता, की मी अल्लाला आणि मेंगाईदेवीला एकदमच हाका मारल्या.

सर्व्हरनं उत्तर दिलं. अडकलेला प्रोग्राम हलला, आणि मरायचा तुंबलेला हुकूम त्याला तेव्हा कुठं पोचला. तो मेला, हीटर सुटले.

आम्ही परत आलो तेव्हा काटा उतरत होता. अय्युबभाईंचे हात पोळले होते.

"तुमी पळाला का न्हाई?" तरन्नुमनं विचारलं.

"पळालो असतो तर पानी कोन मारनार हुतं?"

भोरच्या एसटीत उतरेपर्यंत तिनं त्यांच्या ओल्या शर्टाचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.