रेडिएटरमागची भिंत आणि आमचे हे

जर्मनीत भाड्याची खोली सोडताना ती पांढरी करून द्यायची, असा रिवाज होता. रंगारी बोलवायचा नाही, आपणच ब्रश हातात घ्यायचा. हे कळल्यावर आमचे हे म्हणाले, किती स्वावलंबी लोक. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्टिट्यूटला निघून गेले.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची, कार्ल्सरूहेतली गोष्ट. हे तिथे उष्णतेवर डॉक्टरेट करत होते आणि मला सहावा महिना लागला होता. घरमालकिणीचं घर युद्धानंतर बांधलेलं, नवंकोरं. त्यात तान्हं मूल नको, असं तिने स्वच्छ सांगून टाकलं. तेव्हा जागा मिळणं महाकठीण, त्यातून आम्ही सावळे परदेशी. तिच्या भावाकडे गावाबाहेर दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि त्याला मुलांचं वावडं नव्हतं. पण बहिणीने ‘माणसं चांगली आहेत’ म्हटल्याशिवाय तो किल्ली देणार नव्हता, आणि बहीण ते आमची खोली तपासून ठरवणार होती.

तिची तपासणी मी पाहिली होती. वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी सोडून गेला तेव्हा तिने पर्समधला छोटा आरसा रेडिएटरमागे धरला, भिंत पाहिली आणि तोंड वाकडं केलं. मी हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर आकृती काढून उभ्या माणसाला रेडिएटरमागची भिंत दिसूच शकत नाही, हे सिद्ध केलं. घरमालकिणीला कंबर आहे आणि ती वाकते, एवढं आकृतीत घ्यायचं राहिलं.

आमच्या माहेरीही दिवाळीआधी चुना लागायचा, पण कपाटामागे कुणी कधी गेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे मूठ उघडून बघणारी बाई होती.

दुपारपर्यंत मोठ्या भिंती उरकल्या. राहिला रेडिएटर. खिडकीखाली बसलेलं बिडाचं धूड, भिंतीपासून जेमतेम चार बोटं लांब. ब्रश आत जाईना. मग पुण्याहून आणलेलं उलथनं काढलं, परकराच्या नाडीने त्याला ब्रश बांधला आणि वरून, बाजूने जमेल तेवढं रंगवलं. मधल्या पट्ट्याला मात्र हातच घालायला हवा होता. माझा हात बारीक, तो जात होता. बांगड्या अडकत होत्या. भारतातून निघताना सासूबाईंनी कासाराकडून घट्ट भरून दिलेल्या. सकाळी ह्यांनी जाता जाता बजावलं होतं, “काय हवं ते कर, पण बांगड्या उतरवू नकोस. आईला आवडणार नाही.” एरवी हा माणूस सत्यनारायणाला थोतांड म्हणायचा. ह्यांचं विज्ञान बायकोच्या मनगटापाशी येऊन थांबायचं.

मी साबण लावून उतरवल्या. दोन वाढवल्या. मग जमिनीवर कुशीवर पडून, पोटातलं पोर लाथा मारत असताना, पार कोपऱ्यापर्यंत रंग लावला. मला भयंकर राग आला होता, आणि रागात माझं काम चांगलं होतं.

शनिवारी घरमालकीण आली. हे कोट घालून तयार. तिने वाकून आरसा धरला, बराच वेळ पाहिलं आणि ह्यांच्याकडे वळली. “हेर डॉक्टर, असं काम मी एकाही भाडेकरूचं पाहिलं नाही. आणि या दिवसांत बायकोला कशाला हात लावू दिला नाहीत, हे तर फारच छान.”

डॉक्टर व्हायला ह्यांना अजून बराच अवकाश होता. मी तोंड उघडलं असतं, तर हे गरोदर बायकोला जमिनीवर लोळवणारे ठरले असते आणि खोल्या गेल्या असत्या. मी गिळलं. ह्यांनीही गप्प बसायला हरकत नव्हती. पण हे मान किंचित झुकवून “गेनाऊ”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बहिणीचा शब्द भावाकडे पोचला, किल्ली मिळाली. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात तो भला माणूस रंगाचा डबा घेऊन दारात उभा राहिला. जिन्यात प्रत्येक मजल्यावर रेडिएटर होता, आणि त्यांच्यामागच्या भिंतींना हात लावेल असा काटेकोर माणूस त्याला मिळत नव्हता. बहिणीने ह्यांचं इतकं कौतुक केलं होतं की त्याने दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशव्या रिकाम्या करत होते. हे निमूट कोट काढून गेले.

थोड्या वेळाने मीही जिन्यात गेले. घरमालकाने माझ्यासाठी अदबीने खुर्ची आणून ठेवली. हे पालथे पडले होते, कोपरापर्यंत पांढरे, आणि हात काही रेडिएटरमागे जात नव्हता. मान न वळवता हे मराठीत पुटपुटले, “अगं, तुझा हात बारीक आहे. हा मालक जरा इकडे तिकडे गेला की...”

साहेब काय म्हणताहेत, असं घरमालकाने मला विचारलं.

मी जर्मनमध्ये सांगितलं, “वरचे मजलेही आजच करून टाकतो म्हणताहेत.”