तांबड्या घोड्याचा ठोका

मी गुरांचा डॉक्टर. धारवाडच्या दवाखान्यात माझा दिवस गाई-म्हशींत जायचा. घोडा शिकलो होतो, पण परीक्षेपुरता. नव्वदच्या दशकात जुन्या हुबळीत थोडे टांगे अजून शिल्लक होते आणि विम्याच्या कागदासाठी अधूनमधून एखादा घोडा माझ्यापुढे उभा राहायचा. मी दात बघून वय लिहायचो, चारी पाय उचलून बघायचो आणि सही ठोकायचो.

एक टांगेवाले मात्र माझ्याकडे वेगळंच काम घेऊन आले. पन्नाशीचे गृहस्थ, घरी मराठी, बाजारात कानडी. मी त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या टांग्यातून शाळेची मुलं जायची. त्यांचा आधीचा घोडा दाजीबानपेठेत भर बाजारात चालता चालता गुडघ्यावर आला आणि पुन्हा उठलाच नाही. टांग्यात मुलं होती. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण अण्णांनी हाय खाल्ली. पुढचा घोडा घेण्याआधी त्याचं हृदय डॉक्टरांनी तपासायचं, मगच त्याच्यामागं मुलं बसवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. तोवर टांगा दारात उभा होता, आणि दुसरा धंदा त्यांना येत नव्हता.

घोडा त्यांनी अळणावरजवळच्या एका शेतकऱ्याकडे हेरला होता. टांग्याला जुंपून चालवूनही बघितला होता. आम्ही एका सकाळी बसने तिथं गेलो. तांबडा, रुंद छातीचा, फार देखणा नाही. गोठ्याशेजारी बांधलेला होता. तेवढ्यात शेजारून ट्रॅक्टर भडभडत गेला, तर याने कानसुद्धा फिरवला नाही. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हा गुण त्यांनीच त्याच्यात घातला होता. हुबळीच्या गर्दीत, मागं पोरांचा गलका चाललेला असताना, असंच जनावर पाहिजे, असं ते वाटेत तीनदा म्हणाले होते.

मी घोड्याच्या डाव्या कोपरामागं स्टेथोस्कोपची नळी लावली. घोड्याचं हृदय सावकाश चालतं, एवढं ठाऊक होतं. ठोके मोठे, स्वच्छ. एक, दोन, तीन, चार, आणि मग काहीच नाही. पाचवा ठोका आलाच नाही. मग पुन्हा सुरू. थोड्या वेळाने पुन्हा एक गायब. दहा मिनिटं ऐकत राहिलो, घोडा आपला डोळे अर्धे मिटून उभा. असं अडखळतं हृदय मी एका आजारी गाईत ऐकलं होतं आणि ती गाय वाचली नव्हती.

मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याहून जास्त अभिमान वाटला, हेही आज कबूल करतो. इतरांना न सापडलेलं मी हुडकून काढलं होतं. मी काठीने मातीत हृदय काढून अण्णांना समजावलं, घोडा घेण्यालायक नाही असं कागदावर लिहिलं आणि खाली टपोरी सही केली. शेतकरी चिडला, म्हणाला, जन्मात याला साधी शिंक आली नाही. अण्णा त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि आम्ही परतीची बस धरली.

पुढच्या वर्षी खात्याने आम्हाला प्रशिक्षणासाठी बेंगळूरला पाठवलं. शर्यतीच्या घोड्यांत आयुष्य घालवलेले एक वयस्क डॉक्टर शिकवायला होते. त्यांनी एक घोडा आणून आम्हाला एकेक करून ऐकायला लावलं. माझ्या कानात ठोक्यांमधली तीच ओळखीची उसंत पडली. घोडा आजारी वाटतो का, असं त्यांनी विचारल्यावर पहिला हात माझा. त्यांनी घोडा दोरीवर गोल पळवला, थांबवला आणि लगेच पुन्हा ऐकायला सांगितलं. ठोके भरभर, एकसारखे, एकही गळत नव्हता. निरोगी घोडा निवांत असला की त्याचं हृदय कधीकधी एखादा ठोका सोडून देतं, ते म्हणाले, पळाल्यावरही ठोका गळला तर मग काळजी. बाकीचे वहीत लिहून घेत होते. मी वही मिटून टाकली. पाच मिनिटं पळवून बघायचं काम, ते मी केलं नव्हतं.

परत आल्यावर आधी अळणावरला गेलो. घोडा कुणीतरी बेळगावकडं नेला होता, कोण ते शेतकऱ्याला सांगता आलं नाही, की सांगायचं नव्हतं. मग हुबळीला गेलो. अण्णा दाजीबानपेठेत एका कापडाच्या घाऊक दुकानात हमाली करत होते. घोडा पुन्हा घेतलाच नव्हता. टांगा मोडीत गेला होता. मला बघताच त्यांनी पाठीवरचा कापडाचा गठ्ठा खाली ठेवला आणि दुकानातल्या माणसांना कानडीत सांगायला लागले, हेच ते डॉक्टर, यांच्यामुळं पोरं वाचली. त्यांनी माझा तो कागद कितीतरी टांगेवाल्यांना दाखवला होता, हेही तेव्हाच कळलं. गप्प राहून चहा पिऊन निघावं, असं क्षणभर मनात आलं. मला माझीच किळस आली आणि मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगून टाकलं.

त्यांनी गमछ्याने मान पुसली. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"म्हंजे पळवला की बरोब्बर चालतंय?" त्यांनी विचारलं.

"होय अण्णा."

"आणि उभा असताना ठोका गळतोय ते कशानं? शांत असतोय म्हणून?"

"होय."

"मग मी त्येच्यासाठीच तर घेत हुतो की त्याला, साहेब."

एवढं बोलून त्यांनी गमछा डोक्यावर गुंडाळला आणि खाली ठेवलेला गठ्ठा उचलायला वाकले.