पूर्णविरामानंतर दोन जागा

आमच्या टायपिंग क्लासच्या सरांचा मला राग होता आणि तो अजून गेलेला नाही. माणूस गेला की राग सोडावा म्हणतात. म्हणोत बापडे.

मुरबाडला एसटी स्टँडमागे त्यांचा क्लास होता. नऊ टाइपरायटर, आणि दोन हजार सालाच्या आसपास घेतलेला एक कॉम्प्युटर, त्यावर त्यांच्या बायकोने विणलेलं झाकण. मी तिथेच शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. सरांचा नियम होता, पूर्णविराम आला की दोन जागा सोडायच्या आणि पुढचं इंग्रजी अक्षर मोठं काढायचं. परीक्षेत याचे गुण कापत, म्हणजे नियम काही खोटा नव्हता. पण सरांनी तो नेऊन देव्हाऱ्यात बसवला होता. जागा चुकली की लाल पेनाने कागद फाटेपर्यंत रेघ ओढायचे, तीही सगळ्यांसमोर. शेजारच्या म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलालाही तुमच्यापेक्षा लवकर कळतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग इंटरनेट आलं. सरांनी त्याचंही पहिलं अक्षर मोठं केलं, ईमेलचं केलं, वेबसाइटचं केलं. मी कल्याणच्या सायबर कॅफेत जाऊन स्वतःचा ईमेल काढला होता. पत्त्यात सगळी अक्षरं बारीक आणि मध्ये कुठेही जागा नाही, हे तिथे शिकले होते. सरांना सांगून पाहिलं. टिंब ते टिंब, वाक्यातलं असो की पत्त्यातलं, कल्याणवाल्यांनी शिस्त सोडली म्हणून आपण सोडायची का, असं म्हणून त्यांनी मलाच झापलं.

त्याच वर्षी कल्याणच्या एका कंपनीत कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा निघाली. मला त्या लाल पेनाखालून सुटायचं होतं, दुसरं काही नको होतं. अर्जासोबत सरांचं अनुभवाचं पत्र लागत होतं. त्यांनी अर्ज मागून घेतला आणि माझ्या ईमेलच्या पत्त्यावर पेन चालवलं. टिंबापुढे दोन जागा, मग मोठं अक्षर. असं लिहिलं तर उत्तर मला मिळणारच नाही, मी म्हटलं.

"माझी सही पायजे ना? मग कागद माझ्या शिस्तीत जाईल."

मी पुन्हा टाइप केलं. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं आणि स्वतःच पेटीत टाकलं.

महिनाभर वाट पाहून मी त्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी कागद काढून दाखवला. मुलाखतीचं बोलावणं ईमेलनेच, अर्जातल्या पत्त्यावर, आहे तसंच टाकलं होतं. ते गेलंच नाही. माझ्या घरी फोन नव्हता, म्हणून त्यांनी यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावलं होतं. परत येऊन सरांना सांगितलं, तर म्हणाले, कंपनीच फालतू असणार. मला त्या वेळी टाइपरायटर उचलून त्यांच्या पायावर टाकावासा वाटला. टाकला नाही, दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

पुढच्या थंडीत, क्लासातल्या कॉम्प्युटरलाही इंटरनेट जोडल्यावर, सर माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले. त्यांचा एकुलता एक मुलगा दुबईला होता आणि भांडून गेल्यापासून बापाशी बोलत नव्हता. त्याच्या आईने कुठूनतरी त्याचा ईमेल मिळवून चिठ्ठीवर लिहून आणला होता. सर हळू आवाजात सांगत गेले, मी टाइप करत गेले. म्हशाच्या जत्रेला ये, तुझ्या आईचा नवस फेडायचाय, झालं गेलं विसर. एवढं सांगून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मी विचारलं, "पत्ता कसा घालू, सर?"

"क्लासात घालतो तसा. आज नवीन हाय काय तू?"

मी तसाच घातला. पत्ता चुकीचा असल्याची लाल ओळ पडद्यावर आली. सरांचा चष्मा खिशात होता.

"गेला?"

"गेला, सर."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या रात्री जेवणही गोड लागलं.

जत्रेपर्यंत ते रोज दुपारी यायचे, झाकण काढायला लावायचे आणि काय आलं का गो म्हणून विचारायचे. मी नाही म्हणायचे. जत्रा भरली, उठली, मुलगा आला नाही. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि लाल पेनही फारसं उचललं नाही. ती चिठ्ठी सगळा वेळ माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. पत्ता नीट घालून पुन्हा पाठवायला मला एक मिनिटही लागलं नसतं.