कळसूबाईहून चारशे कमी

"ते झोपायचे दोन दिवस आधी काढून टाक," सहाणे काका म्हणाले. "हॉटेलात लोळायला आम्ही पेरूला चाललोय का?"

मी ८८० हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पुढे लाल दिव्यांची रांग, मागे तशीच, आणि गाडीच्या स्पीकरवर काका.

"काका, ते झोपायचे दिवस नाहीत. ॲक्लमटायझेशनचे आहेत."

"तेच गं. इंग्लिशमध्ये झोपायचं."

मी अमेरिकेत फ्रीमाँटमध्ये राहते आणि लोकांच्या ट्रिपा आखून देते. ट्रॅव्हल प्लॅनर म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई सारखी जग फिरत असेल. मी सारखी फोनवर असते. माझे बहुतेक क्लायंट मराठी. त्यांची सुरुवात "तूच सांग गं, तुला जास्त कळतं" अशी होते आणि मी सांगितलं की ते बदलण्यात पुढचे दोन महिने जातात. पूर्वी मी वाद घालायचे. आता दमले. पण काही गोष्टींवर वाद घालावाच लागतो आणि उंची ही त्यातली पहिली.

अँडीज पर्वत म्हणजे आपल्या मनातलं हिलस्टेशन नव्हे. तिथली शहरंच ढगात आहेत. कुस्को हे पेरूमधलं जुनं शहर तीन हजार चारशे मीटरवर आहे. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. विमानातून उतरून थेट तिथे राहिलं तर डोकं ठणकतं, मळमळतं, जिना चढताना धाप लागते. जास्त वर गेलं तर मामला जिवावर बेतू शकतो. शरीराला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, त्यालाच ॲक्लमटायझेशन म्हणायचं. फिट माणसालाही उंची लागते. उलट फिट माणूस ऐकत नाही, म्हणून त्याला जास्त लागते.

त्यामुळे माझा नेहमीचा प्लॅन असा असतो. कुस्कोला उतरायचं, पण तिथे थांबायचं नाही. गाडीत बसून सरळ खाली दरीत जायचं. तिला सेक्रेड व्हॅली म्हणतात. तिथे दोन दिवस निवांत काढायचे, मग ट्रेनने माचू पिचू, ते आणखी खाली आहे. कुस्को शेवटी, तोपर्यंत अंगाला सवय झालेली असते. मधे थोडं चालणं, थोडी सायकल, असा आठवडा.

सहाणे काकांना हा आठवडा पसंत नव्हता. त्यांना कुस्कोत राहायचं होतं आणि दुसऱ्याच दिवशी रंगीत पट्ट्यांचा तो डोंगर चढायचा होता, ज्याचे फोटो हल्ली सगळे टाकतात. तो पाच हजार मीटरच्या वर आहे.

"काका, त्या डोंगरावर हवा निम्म्यावर येते."

"अगं, लिसन. दादा आणि मी रोज मिशन पीक चढतोय. तो अजून माझ्या पुढे असतो, यार! चौऱ्याहत्तरचा आहे."

मिशन पीक हा आमच्या गावाच्या डोक्यावरचा डोंगर. चढ चांगलाच आहे, पण लोक रोज कुत्रा फिरवायलाही तिथे जातात.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. संगमनेरच्या शाळेत मास्तर होते, आता रिटायर. पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते आणि स्वतःच सांगत होते की पुन्हा एवढा प्रवास होणार नाही. तरुणपणी दोघे भाऊ एकत्र डोंगर चढायचे. मग काका शिकायला इकडे आले, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले आणि एकत्र चढणं राहूनच गेलं. आता दादांना घेऊन एक शेवटचा डोंगर करायचा, असं काकांच्या मनात होतं. ते मला कळत होतं, म्हणूनच जास्त जपून बोलत होते.

"तुम्ही इतक्या उंचावर पूर्वी कधी गेलायत का?" मी विचारलं.

"याहून उंच गेलोय. दोनदा. दादाबरोबरच."

 त्या काळी पुण्याची कॉलेजची पोरं हिमालयात जायची. हेही गेले असतील. पन्नास वर्षांपूर्वी चढलेलं आज उपयोगाचं नाही, हे मी सांगून पाहिलं. काका म्हणाले, "तू आम्हाला म्हातारे समजतेस." एकदा हे वाक्य आलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

कुस्कोतली माझी ग्राउंड एजंट म्हणजे तिथे प्रत्यक्ष गाड्या, गाइड, हॉटेलं बघणारी बाई. तिचं नाव रोसा. तिला मी बदललेला प्लॅन पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"ही तुझी माणसं डोंगरातली आहेत का?"

"हो म्हणतात."

"सगळेच म्हणतात," रोसा म्हणाली. "मी घोडा आणि ऑक्सिजनची बाटली सोबत देते."

तिचं म्हणणं मला पटलं आणि माझी झोपही उडाली. पण माचू पिचूची तिकिटं निघाली होती. ती तारीख आणि वेळ घालूनच मिळतात, ती एकदा हातात आली की ट्रेन, हॉटेल, गाडी, सगळं त्यांच्याभोवती बांधायचं. मी बांधलं.

निघायच्या आधीच्या शनिवारी मी काकांच्या घरी गेले. गावातलेच लोक असतील तर मी शेवटचं सगळं समोर बसून समजावते. काकूंनी चहा ठेवला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या जाणार नव्हत्या आणि त्याबद्दल अत्यंत खूश होत्या.

दादा सोफ्यावर नवे ट्रेकिंगचे बूट घालून बसले होते.

"सकाळपासून घरात हेच घालून फिरतायत," काकू म्हणाल्या. "कार्पेटवर."

"पायात बसायला हवेत ना गं," दादा म्हणाले.

काकांनी टेबलावर एक कागद पसरला. माझ्या प्लॅनवरून त्यांनी दादांसाठी मोठ्या अक्षरात काढलेला. प्रत्येक गावापुढे त्याची उंची. मी गरम कपडे, पाणी, गोळ्या असं सांगत गेले. दादांच्या बीपीच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या म्हटलं. डोंगराचा दिवस आला तेव्हा वातावरण जरा हलकं करावं म्हणून विचारलं, "काका, तुम्ही दोघं हिमालयात नेमके कुठे गेला होतात? एव्हरेस्ट बेस कॅम्प?"

"हिमालय कुठला?" काका म्हणाले. "आम्हाला कोण पाठवत होतं हिमालयात! कळसूबाई."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"कळसूबाई?"

"बारी गावातून. दोनदा. एकदा तर पावसात. हे बघ ना." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "कळसूबाई पाच हजार चारशे. हा डोंगर पाच हजार. चारशे कमीच आहे. आणि कुस्को तीन हजार चारशे, म्हणजे सिंहगडापेक्षा खाली. तू उगाच घाबरवत होतीस."

कागदावर नुसते आकडे होते. पुढे काही नाही.

आपल्याकडे गडकिल्ल्यांची उंची फुटात सांगतात. राजगड फुटात, तोरणा फुटात, कळसूबाई फुटात. इकडे अमेरिकेत आल्यावरही सगळं फुटातच. मिशन पीकची पाटीसुद्धा. काकांच्या डोक्यात डोंगर म्हटला की फूट हे इतकं घट्ट बसलेलं की मी लिहिलेलं मीटर त्यांच्या डोळ्यांना दिसलंच नाही. दोन महिने आम्ही भांडत होतो, ते दोन वेगळ्या डोंगरांवरून.

"काका," मी म्हणाले, "ते मीटर आहेत."

"कुठले?"

"सगळे."

काका हसले. मग थांबले. मनात गुणाकार चाललेला त्यांच्या ओठांवर दिसत होता. शेवटी ते खुर्चीत मागे टेकले.

"सोळा हजार फूट?"

"त्याच्याही वर. एव्हरेस्ट बेस कॅम्प याहून थोडासाच उंच आहे. कळसूबाईवर कळसूबाई ठेवायची, तिच्यावर आणखी एक, आणि मग त्याच्याही जरा वर चढायचं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "दुसऱ्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "दादांना?"

 काकांचा चेहरा पांढरा पडला होता. हा माणूस कंपनीत ज्युनिअर पोरांना एककावरून फाडून खायचा, हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. त्या क्षणी मला त्यांची कीव आली आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

"कॅन्सल कर," काका म्हणाले. "सगळं कॅन्सल कर. मला नाही जायचं."

"अरे बाळू, कॅन्सल कशाला?" दादा आता मधे पडले. "खाली काही बघण्यासारखं नाही का?"

"दादा, तुला डोंगरावर न्यायचं होतं मला."

"मग डोंगरावरच नेताय की त्यांना," मी म्हणाले. "दरीतलं तुमचं ते झोपायचं हॉटेल नऊ हजार फुटांवर आहे. बागेत खुर्ची टाकून बसलात तरी तुम्ही दोघे आयुष्यात कधी गेला नव्हतात इतक्या उंचावर असाल."

 काका म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?"

यावर मी चहा प्यायले.

तिथेच बसून रोसाला फोन लावला. माचू पिचूचा दिवस हलवता येत नव्हता, तो तसाच ठेवला. त्याच्या अलीकडचं सगळं मोडलं. कुस्को शेवटी टाकलं. रंगीत डोंगर काढला. त्याच्या जागी मारासची मिठागरं घातली. डोंगरउतारावर पांढऱ्या वाफ्यांची रांगच रांग आहे आणि तिथून एक वाट दरीत उतरते. नुसता उतार. रोसा फोनवर बराच वेळ स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटत होती. मी अर्थ विचारला नाही.

दोघे गेले. पहिल्या दोन दिवसांत रोसाचा निरोप आला: धाकटा डोकं धरून पडून आहे, मोठा बागेत बसून त्याच्यासाठी चहा मागवतोय. म्हणजे दरीतसुद्धा काकांना उंची लागली. तिकडे तिला सोरोचे म्हणतात. विश्रांती घेतली आणि उतरली. मग मिठागरांची वाट दोघे मिळून उतरले, माचू पिचू पाहिलं, कुस्कोत हळूहळू फिरले. काकांनी मला तिथून एकच मेसेज केला. "रोसा सांगत होती, त्या डोंगरावरून परवा एकाला उचलून आणलं. आमच्यापेक्षा तरुण होता." मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं.

भारतात परत जाण्याआधी दादा एका सकाळी माझ्याकडे आले. काकांनी त्यांना सोडलं आणि ते गाडी लावायला जागा शोधत होते. आमच्या टाउनहाउसपाशी तेवढं एक नेहमी कठीण असतं. दादांनी मारासच्या मिठाची पुडी माझ्या हातात ठेवली. चहा नको म्हणाले. मग म्हणाले, "तुला एक सांगायचं होतं. बाळूला सांगू नकोस."

"बोला ना."

"मला माहीत होतं. ते मीटर आहेत ते."



"जन्मभर भूगोल शिकवला मी. अँडीज फळ्यावर कितीदा काढलाय. त्याने तो कागद दिला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"लहानपणापासून डोंगरावर मी पुढे आणि तो मागे. या वेळी तो मला नेणार होता. इतका खूश होता. मी म्हटलं, जाऊ. नाही जमलं तर अर्ध्या वाटेवर बसेन, गुडघा दुखतो म्हणेन."

मला राग आला. वडीलधाऱ्या माणसावर इतका राग मला पूर्वी आला नव्हता.

"आणि गुडघ्यावर भागलं नसतं तर, दादा? तुम्हाला तिथे काही झालं असतं, तर काकांनी उरलेला जन्म काय केलं असतं?"

त्यांनी मान खाली घातली. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. काकांना जागा मिळाली होती.

"एकक लिहिलं नाही की मी पोरांचा अर्धा मार्क कापायचो," दादा म्हणाले. "कुणाची गय केली नाही कधी. याचा नाही कापवला."

काका आत आले आणि पार्किंगवरून फ्रीमाँटला शिव्या देऊ लागले. दादा हसून ऐकत होते. मी मीठ आत ठेवायला गेले आणि दोन मिनिटं तिथेच थांबले.

इथे मी नावं बदलली आहेत. कामाची पद्धतही बदलली आहे. पूर्वी मी कुटुंबातल्या एकाशी बोलायचे आणि तो सगळ्यांच्या वतीने होकार द्यायचा. आता जाणाऱ्या प्रत्येकाला वेगळा फोन करते, बाकीचे जवळ नसताना. विचारते, तुम्हाला स्वतःला जायचंय का, झेपेल का. कामाचा वेळ दुप्पट झाला आहे. बहुतेक जण म्हणतात, "ते म्हणतील तसं." मग मी तोच प्रश्न पुन्हा विचारते.